न भरणारी जखम आणि मूलपेशींची आशा



पायाला साधी ठेच लागते. मधुमेही माणसाला ती जाणवतही नाही, कारण तळपायाची संवेदना आधीच हरपलेली असते. रक्तपुरवठा क्षीण झालेला असतो. जखम चिघळते, महिनोन्महिने भरत नाही आणि अखेर पाय कापण्याचा प्रश्न घरासमोर उभा राहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, हा शब्द ऐकताच अशा घरांत आशा पालवते, यात नवल नाही.

ही आशा निराधारही नाही. २०१५ साली जर्मनीतील बोखुम येथे सात वर्षांचा एक मुलगा रुग्णालयात दाखल झाला. जन्मजात जनुकीय दोषामुळे त्याची त्वचा सुटून येत होती. इटलीतील मिकेले दे लुका आणि सहकाऱ्यांनी त्याची अवघी ४ चौरस सेंटिमीटर निरोगी त्वचा घेऊन पेशींतील दोष सुधारला आणि प्रयोगशाळेत नवी त्वचा वाढविली. तिने शरीराचा सुमारे ८० टक्के भाग झाकला. त्यातील मोजक्या मूलपेशींनीच पुढे त्वचेचे नूतनीकरण चालू ठेवले. मुलगा शाळेत परतला.

मधुमेही जखमेची गोष्ट मात्र निराळी आहे. येथे अस्थिमज्जेतील वा चरबीतील पेशी वापरतात. त्या प्रामुख्याने स्वतः त्वचा बनत नाहीत; दाह शमविणारी व नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारी द्रव्ये स्रवतात. छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. पण तेवढ्याने उपचार सिद्ध होत नाही. २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तविकारांसारखे मोजके आजार वगळता मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करावा, असे बजावले. पुढे २०२० साली, पायाचा रक्तपुरवठा गंभीररीत्या खुंटण्याच्या विकारासाठी बंगळुरूत विकसित झालेल्या एका पेशी-औषधास औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. शास्त्र असे एकेक पायरी चढते. जाहिरात मात्र थेट शिखरावरून बोलते.

म्हणून दागिने मोडण्यापूर्वी विचारावे : हा उपचार कोणत्या विकारासाठी मान्य आहे? चाचणी असेल, तर तिची नोंदणी कोठे आहे? आणि चाचणीच असेल, तर रुग्णाकडून पैसे का?

तोवर सिद्ध उपाय हाताशी आहेतच : रक्तातील साखरेवर नियंत्रण, रक्तप्रवाहाची तपासणी, जखमेची शल्यस्वच्छता, पायावरील भार कमी करणे. वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारा आपला समाज आहे. त्या पायांचे तळवेही रोज पाहावेत.