शाहिराची झील आणि मृतांचे गाणे
(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



युद्ध आणि शांतता यांवरील समूहसंगीत म्हटले की तो युरोपातील सभागृहांचा विषय वाटतो. वस्तुतः शाहिराने लढाई सांगावी आणि झीलकऱ्यांनी ती उचलून धरावी, ही आपली जुनी रीत. वाद्यवृंद उभारायला पैसा लागतो. पोवाड्याला डफ, तुणतुणे आणि चार गळे पुरतात. (हा अर्थशास्त्राच्या शिक्षकाचा हिशेब!) 1943 साली अण्णाभाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. प्रत्यक्ष रशिया त्यांनी पाहिला तो 1961 साली. त्या काळी समाजवादी तुरुंगात वा भूमिगत होते, आणि कम्युनिस्ट पक्ष त्या युद्धाला लोकयुद्ध म्हणत होता. तो वाद खरा होता. परंतु त्यामुळे पोवाड्याचे मोल उणे होत नाही.

ज्या दिवशी मुंबईत गांधीजींना अटक झाली, त्याच दिवशी, 9 ऑगस्ट 1942 रोजी, वेढ्यातील लेनिनग्राडमध्ये शोस्ताकोविचची सातवी सिम्फनी वाजली. उपासमारीने पुरेसे वादक उरले नव्हते. आघाडीवरून सैनिक-वादक आणावे लागले. ध्वनिक्षेपकांवरून ती जर्मन खंदकांपर्यंत पोहोचवली गेली. तीही एक ललकारीच होती.

ब्रिटनचे ‘वॉर रेक्विएम’ मात्र निराळे. 14 नोव्हेंबर 1940 च्या बाँबवर्षावात कॉव्हेंट्रीचे कॅथीड्रल उद्ध्वस्त झाले. नवे उभे राहिल्यावर, 30 मे 1962 रोजी, तेथे ही रचना प्रथम सादर झाली. कोरस मृतांसाठीची लॅटिन प्रार्थना गातो. मध्येच पहिल्या महायुद्धात पडलेल्या विल्फ्रेड ओवेनच्या कविता येऊन त्या प्रार्थनेलाच जाब विचारतात. अखेरीस मारणारा आणि मारला गेलेला शत्रू समोरासमोर येतात. त्या दोघांचे स्वर एका इंग्रज आणि एका जर्मन गायकाचे होते. रशियन गायिकेला मात्र सोव्हिएत सरकारने येऊ दिले नाही. शांततेच्या गाण्यालाही परवाना लागतो!

आता आपल्या घराकडे वळू. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली. रझाकारांचे अत्याचार आणि मुक्तिसंग्रामातील हुतात्मे आपण गातो, आणि ते गायिलेच पाहिजेत. परंतु सैनिकी कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर संस्थानात जी कत्तल झाली, तिच्यात किमान 27,000 ते 40,000 माणसे मारली गेली, असा भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज होता. ती बहुतांश मुसलमान होती. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, आणि नांदेड हे आपलेच दोन. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. त्या मृतांसाठी झील धरणारा कोणी नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. येत्या 17 सप्टेंबरच्या कार्यक्रमात कलापथकाने एकच रचना करावी. एक शाहीर रझाकारांनी मारलेल्या शेतकऱ्याची कथा सांगेल, दुसरा त्यानंतर मारल्या गेलेल्या विणकराची. झीलकरी मात्र दोघांचे तेच असावेत. विरोध होईल, तोही आपल्याच बैठकीत आधी होईल. तो तेथेच ऐकून घ्यावा आणि तालमी सुरू कराव्यात.