परीक्षानळीतील पाला आणि परसातील अडुळसा



उल्हास नदीच्या खोऱ्यातील सोनिवली आता बदलापूर शहराचाच एक भाग झाली आहे. भातखाचरांच्या जागी इमारती आल्या, तरी एखाद्या कुंपणाला अडुळसा, परसात शेवगा आणि कढीपत्ता, आंब्यावर चढलेली गुळवेल हे दृश्य या परिसरातून अद्याप पुरते लोपलेले नाही. कोकणातून आलेल्या घरांत गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी आजही आठवणीने होते. आजच्या विषयाची सामग्री अशी दारातच उभी आहे. हा विषय आहे औषधी वनस्पतींच्या पानांच्या अर्कांतील अँटिऑक्सिडंट गुणधर्मांचा.

चिरलेले वांगे उघड्यावर काळे पडते, जुने तेल खवट होते. प्राणवायूचीच ही करणी. ज्या प्राणवायूवर देह जगतो, त्याच्याच वापरातून देहात ‘मुक्त मूलके’ नावाचे अस्थिर कण निर्माण होतात आणि पेशींना इजा पोहोचवतात. वार्धक्याचा संबंध या कणांशी असावा, असे प्रतिपादन डेनहॅम हार्मन यांनी १९५६ साली केले. या कणांना शांत करणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. वनस्पती ती स्वतःच्या रक्षणासाठी तयार करतात आणि ऊन झेलणाऱ्या पानांत ती विपुल असतात.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत याची परीक्षा कशी होते? पाने सावलीत वाळवून त्यांची पूड करतात, ती मिथेनॉल, इथेनॉल किंवा पाण्यात भिजवून अर्क काढतात. डीपीपीएच नावाच्या रसायनाचे द्रावण गडद जांभळे असते. त्यात अर्क घातला की रंग उतरत जाऊन पिवळट होतो. हा उतार यंत्रावर मोजतात आणि क जीवनसत्त्वाशी ताडून पाहतात. प्रयोग सोपा, स्वस्त आणि डोळ्यांना सुखावणारा आहे. त्यामुळेच तो देशभर असंख्य वेळा झाला आणि जवळजवळ प्रत्येक हिरव्या पानाने त्यात कमीअधिक यश मिळवले!

मात्र खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. जांभळा रंग उतरला म्हणजे रोग उतरला असे नव्हे. पोटात गेलेल्या अर्काचे पचन होते, यकृत त्याचे रूपांतर करते, आणि रक्तात कितीसे पोहोचते हे नळी सांगत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले. बीटा कॅरोटिन या नामांकित अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी तर झाला नाहीच, उलट १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली प्रसिद्ध सारणी २०१२ साली मागे घेतली, कारण तिच्यातील आकडे जाहिरातदार सर्रास वापरू लागले होते.

आपल्या पूर्वजांची दृष्टी या बाबतीत अधिक सूक्ष्म होती. आयुर्वेदाने वनस्पतीतील गुण काढण्याच्या स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच रीती सांगितल्या. द्रव्य तेच, पण रीत बदलली की औषध बदलते, हे त्यामागील मर्म. अडुळशाचे पान नुसते कुटून रस सुटत नाही, म्हणून ते पुटपाकाने, म्हणजे गुंडाळून भाजून, पिळतात. आजी तव्यावर पान गरम करून रस काढते ते याच परंपरेतून. मिथेनॉलमध्ये काढलेल्या अर्काचा निष्कर्ष आजीच्या काढ्याला परस्पर चिकटवणे हा विज्ञानावर आणि आजीवर, दोघांवरही अन्याय आहे.

याच अडुळशात व्हॅसिसीन हे अल्कलॉइड असते. त्याच्या रचनेवरून जर्मन कंपनीने ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध घडवले आणि ते जगभर विकले गेले. कुंपण आपले, कारखाना त्यांचा. ज्ञान येथे होते, परंतु ते मोजून, सिद्ध करून मांडण्याची उमेद त्या वेळी येथे कमी पडली.

उमेद दाखवली की काय होते, हेही देशाने पाहिले आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. तो विजय घोषणांनी मिळाला नाही. जुने संस्कृत उल्लेख आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख असे छापील पुरावे पुढे ठेवावे लागले.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा अभ्यास प्रत्यक्ष रुग्णांपर्यंत नेला. अवरोधजन्य काविळीच्या रुग्णांवरील त्यांचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. रंग उतरवून त्या थांबल्या नाहीत.

त्याच मुंबईतून २०२१ साली सहा रुग्णांची नोंद आली. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाल्याचे तिच्यात म्हटले होते. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची ओळख पटवलेली नाही. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झालेली असू शकते. हा वाद परंपरेच्या बाजूने किंवा विरोधात ओढण्यापेक्षा त्यातील साधी गोष्ट ध्यानी घ्यावी. वेल नेमकी ओळखली पाहिजे, तिचे खोड वापरायचे की पान हे ठाऊक पाहिजे, मात्रा वैद्याने ठरवली पाहिजे. यकृताचा विकार असलेल्याने वा नियमित औषधे चालू असलेल्याने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून काढा सुरू करू नये.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीप्रमाणेच नगरपालिकेलाही जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही करावी लागते. सोनिवलीच्या परिसरातील विद्यार्थ्यांनी सुट्टीच्या दिवशी वहीपेन्सिल घेऊन निघावे. प्रत्येक औषधी झाडाचे स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कोणता भाग, कोणत्या रीतीने, कोणत्या विकारावर वापरतात हे वृद्धांना आणि जवळच्या पाड्यांवरील आदिवासी बंधुभगिनींना विचारून, सांगणाऱ्याच्या संमतीने व नावानिशी टिपावे. पानाचा नमुना दाबून वाळवावा आणि वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून ओळखून घ्यावा. जांभळ्या द्रावणाचा प्रयोग त्यानंतर. इमारतींच्या पायासाठी पुढचे कुंपण तोडले जाण्यापूर्वी एवढे झाले, तर त्या अडुळशाची निदान नोंद तरी राहील.