पाणी कलतं थांबत नाही
(शारदीय व्याख्यानमालेत सिहोरा येथे दिलेले व्याख्यान)

मंडळी, आत्ता माझी ओळख करून देताना 'हुबेहूब चित्रं काढणारे' असं सांगितलं गेलं. कौतुकानंच सांगितलं. पण या 'हुबेहूब'शी माझं जुनं भांडण आहे, तेवढं आज तुमच्यापुढे मांडतो.

मी आयुष्यात पाहिलेलं पहिलं मोठं चित्र म्हणजे नाटकाचा पडदा. झाडीपट्टीत वाढलेल्या प्रत्येकानं पाहिलेला, रस्त्याचा. मंडपात मधोमध बसलं की रस्ता पार लांबवर जायचा. कडेला बायकांच्या बैठकीत आईजवळ जाऊन बसलो की तोच रस्ता वाकडा. चित्र खरं वाटणं हे बसायच्या जागेवरही असतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं म्हणजे काय, वाकडं दिसलं होतं. कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र तुमच्यापैकी अनेकांनी कॅलेंडरवर पाहिलं असेल. राजा रविवर्म्याचं म्हणून ते सर्रास खपतं. ते आहे सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, १९४५-४६ च्या सुमाराचं, जलरंगातलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. दिवा घेऊन उभी होती त्यांची मुलगी गीता. आता गंमत बघा. ज्योतीचा उजेड रंगाच्या डबीत मिळत नाही. जलरंगात सगळ्यात उजळ काय, तर कोरा कागद. आणि तोही खऱ्या ज्योतीपुढे मळकाच. मग उजेड आणायचा कुठून? हळदणकरांनी बाकीचं सगळं अंधाराकडे लोटलं आणि ज्योतीच्या आड हात धरला. बोटं तांबूस झाली. आपण बोटांकडे बघतो आणि ज्योत किती प्रखर असेल ते मनाशी ठरवतो. निम्मं चित्र आपणच काढतो म्हणा ना.

आता इथली गोष्ट. धानाच्या रोवणीच्या दिवसांत चांदपूरच्या रस्त्याला एका धुऱ्यावर मी स्टँड लावून बसलो होतो. पऱ्ह्यांचा हिरवा भलता अवघड. ट्यूबमधला तसाच लावला की पोपट होतो. उन्हाकडे तोंड करून पाहिलं तर पाती पिवळी, ऊन पाठीला घेतलं तर निळसर. पिवळ्यात निळा, त्यात ब्रशच्या टोकाएवढा तांबडा, असं करत दोन तास गेले. बांधीतलं पाणी मी पाच मिनिटांत उरकलं. आभाळाचाच रंग खाली ओढला, झालं.

बांधीचे मालक मागे येऊन उभे राहिले. डोक्याला दुपट्टा, पोटऱ्यांपर्यंत चिखल. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेस आहे. पर पानी असं कलतं थांबत नाही, सर."

मी पाहिलं. समोरच्या धुऱ्याच्या पायथ्याशी पाण्याची जी आडवी रेघ होती, ती उजवीकडे जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी उतरली होती. हिरव्याच्या नादात माझ्या लक्षातच आलं नव्हतं. यथार्थदर्शनाची परीक्षा मी चांगल्या मार्कांनी पास झालोय बरं का! पण त्यांना बांधीच्या एका कोपऱ्यात पाणी उणं पडलं तर तिथं तण माजतं, हे दरवर्षी निस्तरावं लागतं. त्यांची नजर त्या रेघेवर अडणारच. "आम्हाला चित्रातलं काही कळत नाही" असं मला शहरात फार ऐकू येतं, आणि ते म्हणणारे बहुतेक चित्राकडे न बघता खालची पाटी वाचत असतात.

ओल्या ब्रशनं रेघ उचलली, सरळ केली. ते वाकले, पुन्हा निरखून पाहिलं. "आता थांबलं," म्हणाले. मग माझ्या दोन तासांच्या हिरव्यावर बोट नेऊन त्यांनी विचारलं, "हे धान चिन्नोर आहे का जय श्रीराम?"

ते मी बघितलंच नव्हतं.