डब्याचं झाकण

मी मुंबईत दिंडोशीला राहते, नागरी निवारा वसाहतीत. मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटानं उभी केलेली ही वसाहत. 6 हजारांवर घरं, आणि पाठीला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. बिबट्याचं आमच्याकडे नवल नाही. रात्री भुंकणारी कुत्री एकदम गप्प झाली की खाली उतरायचं नाही, हे शाळकरी पोरांनाही कळतं.

गेल्या पावसाळ्यात मी एक कथा लिहिली. आमच्या सोसायटीच्या वॉचमनची. पहाटे तीनच्या सुमाराला तो डबा खायला बसला आणि समोरच्या भिंतीवर बिबट्या येऊन उभा राहिला, ही त्यानंच मला सांगितलेली हकीकत. मुलीला कथा आवडली, बहिणीला आवडली. दोन दिवाळी अंकांना पाठवली, तिथून होकार नाही की नकार नाही. त्याच सुमारास कथालेखनाच्या एका वर्गाची माहिती हातात पडली. तीन महिने, दर शनिवारी, आणि फी आमच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढी. जावं की न जावं, यावर मी महिनाभर घुटमळत होते.

घरात पहिला प्रश्न आला तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. लिहिणं काय शिकवून येतं? बहिणाबाई कुठल्या वर्गाला गेल्या होत्या?

नव्हत्याच गेल्या. त्यांना अक्षरओळखही नव्हती. पण त्यांच्या ओव्या घरच्या माणसांनी ऐकल्या आणि उतरून घेतल्या. त्या गेल्यावर त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ते कागद आचार्य अत्र्यांपुढे ठेवले, आणि 1952 साली पुस्तक निघालं. बहिणाबाईंची प्रतिभा त्यांची स्वतःचीच, त्यात कुणाचा वाटा नाही. पण कान देऊन ऐकणारं माणूस घरात नसतं, तर आज आपल्या हाती काय उरलं असतं? मला या गोष्टीत तो ऐकणारा फार मोलाचा वाटतो.

मराठीत लेखनाचे वर्ग नव्हते तेव्हाही शिकवणारे होतेच. त्यांना आपण संपादक म्हणायचो. गिरगावात खटाववाडीतून ‘सत्यकथा’ मासिक निघायचं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्या लेखकाची कथासुद्धा बारकाईनं वाचायचे. कथा कुठे सैल पडली, कुठलं पात्र अर्ध्यावर सुटलं, हे पत्रानं कळवायचे. लेखक पुन्हा लिहायचा, पुन्हा पाठवायचा. त्यांच्या चौकटीत न मावणारे पुष्कळजण होते. त्यांनी चिडून, भांडून स्वतःची लघुनियतकालिकं काढली आणि ते एकमेकांचे वाचक झाले. तेही शिक्षणच. 1982 साली ‘सत्यकथा’ बंद पडलं. नवख्या माणसाची कथा एवढा वेळ देऊन वाचणारं टेबल आज शोधावं लागतं. वर्गांना गर्दी होते त्याचं एक कारण हे आहे, असं मला वाटतं.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठानं 1936 पासून लेखनाची कार्यशाळा चालवली आहे. त्याच विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय लेखक उपक्रमासाठी आपले कवी दिलीप चित्रे 1975 मध्ये गेले. तोवर त्यांच्या पहिल्या कवितासंग्रहाला पंधरा वर्षं झाली होती. कवी व्हायला कुणी तिकडे जात नाही. मिळतो तो निवांत वेळ, आणि आपल्यासारखीच लिहिणारी माणसं.

तर मी त्या वर्गाचा एक तास नुसता बसून पाहायचं ठरवलं. दहा-बारा जण होतो. माझी कथा वाचायला घेतली. ‘भीतीनं त्याच्या अंगावर काटा आला’ या वाक्याशी शिकवणाऱ्या बाई थांबल्या. पेन्सिलीनं त्याच्याभोवती गोल केला आणि विचारलं, “त्या वेळी त्याच्या हातात काय होतं?”

मला सांगता येईना. घरी येताना फाटकाशीच थांबून मी वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, “झाकण होतं, ताई. डब्याचं. खाली ठेवलं असतं तर वाजलं असतं ना? म्हणून छातीशी धरून बसलो. वास जाऊ नये म्हणून डब्यावर दुसरा हात. भाजी गरम होती, हात पोळला, पण काढला नाही.” आणि त्यानं तळहात पुढे केला, जणू अजून तिथे काही दिसणार होतं.

ते गोल केलेलं वाक्य मी त्याच रात्री काढून टाकलं. झाकण आलं, पोळलेला हात आला. अंगावरच्या काट्याची गरजच उरली नाही.

माझा निर्णय तिथे झाला. तुमच्यापैकी कुणी याच विचारात असेल, तर फीच्या आधी एवढं विचारून घ्या: माझी किती पानं वाचली जातील, कोण वाचणार, आणि कागदावर खुणा करून परत देणार का? नुसती व्याख्यानं असतील तर ते पैसे पुस्तकांना घाला. मालिकांसाठी लिहायचं असेल तर तो रस्ता निराळा. आमच्या शेजारच्या चित्रनगरीत पटकथा शिकवणारी संस्था आहे. तिथे प्रसंगांची बांधणी आणि संवादांचं तंत्र शिकावंच लागतं, ते घरी बसून जमणं कठीण. आणि पुस्तकाएवढं लेखन हातात असेल, तर राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिची चौकशी जरूर करा. पैशांची सोय नसेल तर चार जण जमवा, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसा. अट एकच: ‘छान आहे’ म्हणून कुणी सुटायचं नाही.

माझा वर्ग येत्या शनिवारपासून सुरू होतोय. कथेचा तिसरा खर्डा पिशवीत घातलाय. काल वॉचमननं विचारलं, “ताई, तुमच्या कथेत शेवटी तो उडी मारून आत येतो की परत जातो?” मी म्हटलं, अजून लिहिते आहे. तो म्हणाला, “परतच गेला होता. पण जाताना एकदा वळून बघितलं त्यानं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.”