सायबर सिक्युरिटी शिकायची, तर आधी काय शिकायचं?

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी गाळली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



सीईटीचा निकाल लागला, कॅप राउंड सुरू झाले, की माझ्याकडे एकच प्रश्न यायला लागतो. "सर, कॉम्प्युटर घेऊ की सायबर सिक्युरिटी?" पूर्वी तो मुलं विचारायची, यंदा पालक जास्त विचारतायत. सोलापूरकडच्या एका ताईंनी चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवलाय. मुलीला एका खासगी विद्यापीठात बीटेक सायबर सिक्युरिटी मिळतंय. सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर हुकलं, आयटी मिळतंय. दोन्हीच्या फीमध्ये एवढा फरक आहे की ताई म्हणाल्या, "शेताला हात लावणार नाही, पण सोनं मोडावं लागेल. मोडू का?"

तर ताई, माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. मोडू नका. सरकारी कॉलेजातलं आयटी घ्या. ते का, हे सांगण्यासाठी आजचा भाग आहे. पटलं नाही तर अवश्य कळवा, कारण माझ्याच काही सहकाऱ्यांना हे पटत नाही.

पदवीच्या नावात 'सायबर' असलं की चार वर्षं फक्त हॅकिंग शिकवतील असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पहिली दोन वर्षं तेच विषय असतात: सी, डेटा स्ट्रक्चर, डिस्क्रीट मॅथ्स, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस. आणि असायलाच हवेत! ज्या अभ्यासक्रमात ते पातळ केलेत आणि त्यांच्या जागी टूल चालवायचे तास भरलेत, तिथून चार पावलं लांब राहा. अभ्यासक्रमाची पुस्तिका वेबसाइटवर असते. माहितीपत्रकातल्या हसऱ्या फोटोंऐवजी ती पुस्तिका वाचा. तिसऱ्या सेमिस्टरला काय आहे ते बघा, लॅबचे तास मोजा.

आता हे विषय सिक्युरिटीला का लागतात? एक जुनं उदाहरण घेतो, कारण त्याची पूर्ण चिरफाड झालेली आहे.

२ नोव्हेंबर १९८८. रॉबर्ट मॉरिस नावाचा कॉर्नेल विद्यापीठातला पदव्युत्तर विद्यार्थी. त्याने स्वतःच्या प्रती काढत एका मशीनवरून दुसऱ्यावर जाणारा प्रोग्रॅम लिहिला आणि एमआयटीतल्या एका मशीनवरून सोडला. तेव्हाचं इंटरनेट केवढं? अंदाजे ६० हजार मशीन. त्यातली सुमारे ६ हजार अडकली असं तेव्हा धरलं गेलं. हा 'मॉरिस वर्म'. त्याच्या आत जाण्याच्या वाटांपैकी एक होती 'फिंगर' नावाची छोटी सेवा, म्हणजे या मशीनवर अमुक माणूस आहे का हे सांगणारी. ती सेवा सी भाषेत लिहिलेली. बाहेरून आलेला मजकूर ठेवायला तिच्यात ५१२ बाइटची जागा होती. वर्मने पाठवले ५३६. आणि मजकूर किती आलाय हे प्रोग्रॅम मोजतच नव्हता.

२४ बाइट जास्त आले, तर बिघडलं काय? इथे ऑपरेटिंग सिस्टिम आणि सी दोन्ही कळावं लागतं. एखादं फंक्शन चालू होतं तेव्हा त्याचा डेटा एका थप्पीत ठेवला जातो, म्हणजे स्टॅकमध्ये. काम संपल्यावर परत कुठे जायचं, तो पत्ताही त्याच थप्पीत, त्या डेटाच्या शेजारी असतो. डेटा जागेबाहेर सांडला की शेजारचा पत्ता पुसून तिथे हल्लेखोराचा पत्ता बसतो. फंक्शन संपतं आणि इमानेइतबारे त्या नव्या पत्त्यावर निघून जातं. आपल्याकडे 'बफर ओव्हरफ्लो' या नावाखाली पाच मार्कांचं उत्तर मुलं पाठ करतात. मी मुलाखतीत फक्त एवढंच म्हणतो, "कागदावर ती थप्पी काढून दाखव." दहातल्या सात जणांची पेन्सिल तिथेच थांबते. यात मुलांचा दोष कमी आहे. त्यांना ते कुणी काढायला लावलेलंच नसतं.

जाता जाता सांगतो. एखाद्या मशीनवर वर्म आधीच असेल, तर नव्या प्रतीने बहुतेक वेळा माघार घ्यावी, पण सातातून एकदा तरीही टिकून राहावं, असं मॉरिसने ठरवलं होतं. ते प्रमाण फार जास्त ठरलं. एकेका मशीनवर प्रतींवर प्रती चढल्या आणि मशीन गुदमरली. म्हणजे नुकसान झालं ते मुख्यतः हिशेब चुकल्याने! शिक्षा झाली: ३ वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा, १०,०५० डॉलर दंड. पुढे तोच माणूस एमआयटीत प्राध्यापक झाला. हा शेवटचा भाग मुलांना फार आवडतो, म्हणून मी तो सांगायला जरा घाबरतो. का, ते पुढे येईलच.

गणिताबद्दल थोडक्यात. "माझं गणित कच्चं आहे, सायबर जमेल का?" असं विचारणारे बरेच आहेत. कॅल्क्युलस रोज लागत नाही. पण घड्याळाचं गणित, म्हणजे बाकी काढण्याचं गणित, आणि मूळ संख्या याला पर्याय नाही. ६१ गुणिले ५३ किती, हे पाचवीतलं पोर करेल. पण ३२३३ हा कुठल्या दोन संख्यांचा गुणाकार आहे, असं उलटं विचारा बरं! शेकडो आकडी संख्या घेतली तर आजचे संगणकही त्यावर हात टेकतात. आरएसए याच अडचणीवर उभं आहे. ही गंमत वाटली तर गणित जमेल.

आता घराजवळ येऊ. पुण्यातली कॉसमॉस बँक, ऑगस्ट २०१८. वर्गात मी यावर दोन तास घालवतो, कारण सिक्युरिटी म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं ही कल्पना इथे मोडून पडते.

एटीएममध्ये कार्ड घातल्यावर काय होतं? मशीन विचारतं, ही विनंती कार्ड नेटवर्कमधून बँकेच्या 'स्विच'कडे जाते. स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला, म्हणजे कोअर बँकिंगला विचारतो की खात्यात पैसे आहेत का. हो म्हटलं की नोटा बाहेर. ११ ऑगस्टला, शनिवारी, ही मधली कडीच बदलली गेली होती. मालवेअरच्या आधारे एक खोटा स्विच उभा केला गेला आणि तो येणाऱ्या विनंत्यांना परस्पर 'हो' म्हणत राहिला. कोअर बँकिंगला प्रश्नच पोचत नव्हता! तिकडे २८ देशांमध्ये नक्कल केलेली कार्डं घेऊन माणसं एटीएमसमोर उभी होती. काही तासांत परदेशात सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी गेले आणि भारतात २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमार्फत आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

बघा, यात खातेदाराचा पासवर्ड कुणी फोडला नाही. कुणाला फसवून ओटीपी घेतला नाही. खातेदारांच्या शिलकीलाही हात लागला नाही, फटका बँकेला बसला. हल्लेखोरांना ठाऊक होतं की प्रश्न कुठून निघतो, कुठे जातो, आणि उत्तरावर कोण विश्वास ठेवतो. म्हणजे त्यांना नेटवर्क येत होतं, ऑपरेटिंग सिस्टिम येत होती आणि बँकेचं कामकाजही कळत होतं. वार निवडला तोही शनिवार. हा धडा कुठल्याच टूलच्या मेनूत सापडत नाही. पुढे २०२३ मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. ते बहुतेक खाली उभं राहून रोकड काढणाऱ्या साखळीतले होते. मुलांनो, हे नीट ऐका. अशा प्रकरणांत आधी सापडतो तो साखळीतला शेवटचा माणूस.

हे ऐकून पोरं विचारतात, "मग सर, आम्ही कशावर हात साफ करायचा?" इथे मला एक घडलेली गोष्ट सांगायची आहे. कॉलेजचं नाव घेत नाही.

दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा निकालाच्या पोर्टलवर स्वतःचे मार्क बघत होता. वर पत्त्याच्या पट्टीत शेवटी त्याचा नंबर दिसत होता. त्याने शेवटचा आकडा बदलून बघितला. शेजारच्या मुलाची गुणपत्रिका उघडली, फोन नंबर आणि जातीच्या दाखल्यासकट. त्याने ते तिथेच बंद केलं आणि विभागप्रमुख मॅडमना मेल लिहिला. चांगला मेल होता, मी वाचलाय. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावणं आलं. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील गावाहून आले, एसटीत कंडक्टर, ड्यूटी बदलून. मी तेव्हा तिथे पाहुणा म्हणून शिकवत होतो, त्यामुळे बैठकीत होतो. निलंबनाची भाषा चालली होती. वडील मला म्हणाले, "साहेब, पोरानं चोरी केलीय का? तेवढं सांगा."

मी म्हणालो, "नाही दादा. दार उघडं आहे, एवढंच त्यानं सांगितलं."

मॅडम म्हणाल्या, "पण त्यानं दार ढकलून बघितलंच का?"

मला तेव्हा मॅडमचा राग आला होता. पण कायदा नेमका हाच प्रश्न विचारतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. कलम ४३ म्हणतं की मालकाच्या परवानगीशिवाय संगणक प्रणालीत शिरलात तर नुकसानभरपाईला जबाबदार. कलम ६६ म्हणतं की तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या मुलाचा हेतू चांगला होता, म्हणून तो ६६ मध्ये बसत नाही असं मी बैठकीत मांडलं. पण हेतू सिद्ध करायला माणसाला जे दिवस काढावे लागतात, ते कुणी परत देत नाही. शेवटी लेखी समज देऊन सोडला. पोर्टलमधली ती त्रुटी तीन आठवड्यांनी दुरुस्त झाली. त्याचे आभार कुणी मानले नाहीत.

म्हणून सांगतो, आणि हे अभ्यासक्रमात पहिल्या महिन्यात शिकवायला हवं असं माझं मत आहे. दुसऱ्याच्या प्रणालीवर परवानगीशिवाय प्रयोग नाही. नजरेस काही पडलंच, तर तिथेच थांबा. आणखी दहा नंबर टाकून 'खात्री' करू नका, डाउनलोड करू नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. काय दिसलं, कधी दिसलं ते लिहून ठेवा आणि संबंधितांना कळवा. ते ऐकत नसतील तर केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था आहे, ती अशा त्रुटींची माहिती स्वीकारते आणि समन्वय करते. काही कंपन्या बग बाउंटीची नियमावली जाहीर करतात, कुठे हात लावायचा आणि कुठे नाही ते त्यात असतं. ती शब्दन्‌शब्द वाचा.

हात साफ करायला जागा भरपूर आहेत, त्याही फुकट. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाका आणि त्यात मुद्दाम भोकं ठेवलेली मशीन चालवा: मेटास्प्लॉइटेबल, डीव्हीडब्ल्यूए, ओवास्पचं वेबगोट. घरातलंच नेटवर्क, बाहेर काही जात नाही. लिनक्स नवीन असेल तर ओव्हरद वायर या साइटवरचा 'बँडिट' खेळ घ्या, एकेक पायरी सोडवत कमांड हातात बसतात. कार्नेगी मेलन विद्यापीठाचं पिकोसीटीएफ तर शाळकरी मुलांपासून सगळ्यांसाठी आहे. एनपीटीईएलची व्याख्यानं आहेतच. यातलं काहीही करायला पदवीच्या नावात सायबर असावं लागत नाही. सोनं मोडायची गरज नाही म्हणालो, ते यामुळे.

पुढे एमटेक किंवा एमएस्सीला विशेष अभ्यास जरूर करावा. फॉरेन्सिककडे ओढा असेल तर गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ बघा, त्यांचं केंद्र गोव्यातही आहे. पुण्यात सीडॅकचे पदविका अभ्यासक्रम आहेत. प्रमाणपत्रांच्या मागे पहिल्या वर्षापासून धावू नका, त्यांची फी डोळे पांढरे करते. ओएससीपीसारखी परीक्षा वेगळी. तिथे जवळपास २४ तास प्रत्यक्ष मशीन फोडायची आणि मग नीट अहवाल लिहून द्यायचा. अहवाल! आमच्या धंद्यात अर्धा पगार लिहिण्याचा असतो. मराठी माध्यमातल्या मुलांनो, इंग्रजीची धास्ती घेऊ नका, पण रोज एक पान लिहा. सोपी, छोटी वाक्यं चालतात.

पहिली नोकरी बहुधा एसओसीत लागते. हिंजवडी नाहीतर खराडी, पाळ्या, रात्रपाळीही, समोर अलर्टची रांग. शंभरातले नव्वद खोटे निघतात. उरलेले दहा ओळखायला नेटवर्कचं पुस्तक आठवावं लागतं. ताई, मुलीच्या रात्रपाळीची काळजी तुम्ही मेसेजमध्ये बोलून दाखवलीत. कंपनीची गाडी घरापासून घरापर्यंत आहे का आणि पाळी किती आठवड्यांनी बदलते, हे मुलाखतीतच विचारायचं. विचारल्याने नोकरी जात नाही. आणि सगळंच काम पाळीचं नसतं. ऑडिट, सुरक्षित कोड तपासणं, क्रिप्टोग्राफी ही दिवसाची कामं आहेत.

एक राहिलं. ऑप्शन फॉर्म भरताना शाखांचा क्रम मुलीलाच लावू द्या. आयटी वर ठेवायचं की नाही, हे माझं ऐकून तिनेच ठरवावं. राउंडची शेवटची तारीख सीईटी सेलच्या वेबसाइटवरच बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी नाही.

पुढच्या भागात लॅपटॉपवर ही लॅब कशी उभी करायची ते पायरीपायरीने करू. प्रश्न पाठवत राहा. नमस्कार.