हात वर जाईना तेव्हा
(माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



शाळेची एक आठवण मी अपराधी मनाने जपली आहे. आमच्या एक ज्येष्ठ शिक्षिका फळ्याच्या वरच्या भागावर लिहिणे टाळू लागल्या. पुढे जिना चढताना कठडा, सतरंजीवरून उठताना मुलींचा हात. मी त्याला आळस समजले आणि तसे बोलूनही दाखवले. तो शब्द आजही सलतो.

निम्हान्समध्ये स्नायूचा तुकडा तपासल्यावर निदान झाले: पॉलिमायोसायटिस, म्हणजे स्नायूंचा दाह. यात रक्षणकर्ती प्रतिकारशक्तीच स्वतःच्या स्नायूंवर उलटते. खांदे व मांड्या प्रथम दुबळ्या होतात. बोटांची पकड मात्र बरेच दिवस टिकते. म्हणूनच वह्या भराभर तपासणाऱ्या बाईंना कोणी आजारी मानले नाही! रक्तात क्रिएटिन कायनेज हे विकर वाढलेले आढळते. याच कुळातील डर्मॅटोमायोसायटिसमध्ये पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या पेरांवर चट्टे उमटतात. ‘दंगल’मधील छोटी बबिता, सुहानी भटनागर, २०२४ मध्ये त्याच रोगाने अवघ्या १९व्या वर्षी गेली.

स्टेरॉइड हे पहिले औषध. ते दीर्घकाळ घ्यावे लागते आणि परस्पर, एकाएकी बंद करणे धोक्याचे. पूर्वी सक्त विश्रांती सांगत, आता तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम करवून घेतात.

“मुलांना लागण होईल का?” असे तेव्हा एका पालकांनी विचारले होते. हा रोग संसर्गाने पसरत नाही.

आम्ही त्या वर्गातील फळा वीतभर खाली बसवला. बाई निवृत्तीपर्यंत तिथेच शिकवत राहिल्या.