पुन्हा एकदा



मी शाळेत गणित शिकवते. आज मात्र मी तुमच्याशी एक विद्यार्थिनी म्हणून बोलणार आहे. नऊ वर्षांपूर्वी, वयाच्या ४२व्या वर्षी, मी कराटे शिकायला लागले. आमच्या शाळेच्याच सभागृहात संध्याकाळी वर्ग भरतो. पहिल्या दिवशी पांढरा पट्टा बांधून मी रांगेत अगदी शेवटी उभी राहिले. डोजोत, म्हणजे कराटेच्या साधनेच्या जागी, वय विचारत नाहीत. आधी कोण आलं, एवढंच पाहतात. आधी आलेला तो सेन्पाई, मागून आलेला तो कोहाई. माझी सेन्पाई होती आठवीतली एक मुलगी. सकाळी तिच्या वर्गावर माझा तास असे. संध्याकाळी ती माझ्या शेजारी उभी राहून हळूच सांगे, “बाई, मागचा गुडघा वाकलाय. पुन्हा एकदा.”

या ‘पुन्हा एकदा’ला जपानी भाषेत ‘मो इचिदो’ म्हणतात. कराटेने मला काय दिलं, असं कुणी विचारलं, तर मी हेच दोन शब्द पुढे करीन.

आज जगभर पसरलेल्या शोतोकान शैलीचे जनक गिचिन फुनाकोशी हेही शाळामास्तरच होते. त्यांचा जन्म १८६८ सालचा, ओकिनावा बेटावरच्या शुरी गावातला. दिवस भरण्याआधीच जन्मलेलं हे मूल इतकं अशक्त होतं की ते फार जगेल असं घरच्यांना वाटत नव्हतं. पुढे हा मुलगा आंको आझातो यांच्याकडे कराटे शिकू लागला. त्या काळी ही विद्या गुपचूप शिकवली जाई. दिवसा शाळेत मुलांना शिकवायचं आणि रात्री मिणमिणता कंदील घेऊन गुरूच्या घरची वाट धरायची, असा त्यांचा क्रम होता. घरामागच्या अंगणात सराव चाले. गुरू बाजूला ताठ बसून पाहत. एकच काता महिनोन्महिने करावा लागे, आणि समाधान झाल्याशिवाय गुरू पुढचा काता देत नसत. तेक्की नावाचे तीन काते शिकण्यात फुनाकोशींची दहा वर्षं गेली.

काता म्हणजे बचावाच्या आणि प्रहाराच्या हालचालींची ठरलेली मालिका. प्रतिस्पर्धी समोर आहे असं मनात धरून ती एकट्याने करायची. तेक्कीत तर घोड्यावर मांड टाकल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहायचं आणि एकाच सरळ रेषेत डावी-उजवीकडे सरकायचं. उडी नाही, डोळे दिपवणारं काही नाही. अशा तीन कात्यांना दहा वर्षं! आपल्याकडे गाणं शिकणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही. पहाटे उठून महिनोन्महिने षड्ज लावणाऱ्याला ठाऊक असतं की सूर तोच असला तरी लावणारा रोज थोडा बदलत असतो.

माझा पहिला काता होता हेइआन शोदान. हेइआन हे मूळचे पिनान नावाचे पाच काते. ते आंको इतोसु यांनी बसवले. हेही फुनाकोशींचे गुरू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावाच्या शाळांत कराटे नेण्याचं मोठं काम त्यांनी केलं. हेइआन शोदानमध्ये २१ हालचाली आहेत आणि तो मिनिटभराच्या आत संपतो. पाठ व्हायला मला दोन आठवडे लागले. मला वाटलं, झालं. पण सहा महिन्यांनीही आमचे सेन्सेई, म्हणजे गुरू, तोच काता करून घेत होते.

तेव्हा मला राग येई. खरं सांगायचं तर राग हा माझा जुना सोबती. वर्गात माझा हात कधी उठला नाही, पण आवाज उठे. काता करतानाही मी तशीच होते. घाईघाईने वळायची, खांदे आवळून ठोसा मारायची, श्वास रोखून धरायची. शंभरदा करूनही तीच चूक होई, तेव्हा कळलं की चूक पायात नव्हतीच. पुढची हालचाल येण्याआधीच मी तिच्यावर धावून जात होते. वर्गातही मुलाचं उत्तर पुरतं ऐकण्याआधी मी असंच करत होते. त्या कात्याने नऊ वर्षांत मला जितकं दाखवलं, तितकं कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

पाचही हेइआन कात्यांची पहिली हालचाल बचावाची आहे. हल्ला स्वतःहून सुरू करायचा नाही, हे फुनाकोशींच्या शिकवणुकीतलं एक मूलतत्त्व. हे फळ्यावर लिहून अंगी बाणत नाही. हजारो वेळा आधी अडवायचं आणि मगच पुढे जायचं, असा सराव झाला की रागाच्या क्षणीही शरीर आधी सावरून उभं राहतं. सरावाच्या लढतीत ठोसा पूर्ण ताकदीने सोडायचा आणि समोरच्याच्या अंगाला लागण्याआधी थांबवायचा, हेही त्यातलंच. ताकद नसलेल्याला थांबवण्यासारखं काही नसतं. म्हणून ताकद कमवायची, आणि तिला थांबायलाही शिकवायचं.

गणिताच्या बाईला आवडावी अशी एक गोष्ट या नावातच आहे. ‘कराटे’तला ‘कारा’ पूर्वी चीनचा निर्देश करणाऱ्या अक्षराने लिहीत. १९३०च्या दशकात त्याच उच्चाराचं दुसरं अक्षर रूढ झालं. त्याचा अर्थ रिकामं. बौद्ध ग्रंथांतल्या ‘शून्य’ या शब्दासाठी जपानीत हेच अक्षर वापरतात. हातात शस्त्र नाही, हा झाला एक अर्थ. मनातली हाव आणि मीपण रिकामं करायचं, हा फुनाकोशींनी सांगितलेला त्याहून खोल अर्थ.

आणि ते स्वतः तसे जगले. १९२२ मध्ये टोकियोत त्यांनी कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हा वय होतं ५३. ते तिथेच राहिले. जवळ पैसे नव्हते. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांनी राखणदारी केली, अंगण आणि खोल्या झाडल्या, आणि उरलेल्या वेळात कराटे शिकवलं. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाने हाती झाडू घेतला. त्यांचा डोजो १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेला. १९५७ मध्ये वयाच्या ८८व्या वर्षी ते गेले, तोवर शिष्यांनी शोतोकान कराटेची घडी पुन्हा बसवली होती. आमच्या सभागृहाची शहाबादी फरशी सरावानंतर ओल्या फडक्याने पुसताना मला तो झाडू आठवतो. आपल्या पैलवानाने आखाड्याची माती कपाळी लावावी, तसंच हे.

दोन वर्षांपूर्वी मला काळा पट्टा मिळाला. या पहिल्या पायरीला शोदान म्हणतात, आणि त्यातल्या ‘शो’चा अर्थ आरंभ. माझी ती सेन्पाई आता शिक्षणासाठी परगावी गेली आहे. तिची एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. “पुन्हा एकदा” म्हणून ती कधी बाजूला उभी राहिली नाही. दर वेळी तिने माझ्याबरोबर तो काता पहिल्यापासून केला. आझातोही एका शिष्यासाठी रात्र रात्र जागत बसलेच होते.

मीही वर्गात वर्षानुवर्षं “पुन्हा कर” म्हणत आले. लाल शाईने वही कापायची आणि ती मुलापुढे सरकवायची. ती शिक्षा होती, हे मला डोजोत कळलं.

गेल्या आठवड्यात सहावीतल्या एका मुलाचा अपूर्णांकांच्या बेरजेचा छेद पाचव्यांदा चुकला. तो माझ्या आवाजाची वाट पाहत मान खाली घालून उभा होता. मी माझी खुर्ची सोडली, त्याच्या बाकावर बसले, कोरं पान काढलं, आणि दोन पेन्सिली घेतल्या. एक त्याला दिली.

“चल,” मी म्हटलं, “पुन्हा एकदा.”